व्याख्याने कुलुपात कशाला?

अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१७ च्या मार्चमध्ये एक विलक्षण निर्णय जाहीर केला. वर्गांत झालेल्या व्याख्यानांच्या ज्या २०,००० हून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती त्याने वर्षानुवर्षे साऱ्या जगाला विनामूल्य खुल्या ठेवल्या होत्या, त्या सार्वजनिक वापरातून काढून घेण्याचा. कर्णबधिरांच्या वतीने तक्रार झाली होती की, या चित्रफितींत बोलण्याची अक्षरे पडद्यावर धडपणे उमटत नाहीत. तेव्हा ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ही दारे उघडी असून बंदच. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती तक्रार ग्राह्य ठरविली, आणि ती रास्तच होती. खर्चाची अडचणही विद्यापीठाने बोलून दाखविली, तीही खोटी नव्हे. पण पंगतीत चौघांना वाढले नाही अशी तक्रार येताच यजमानाने सगळ्यांचीच पाने उचलावीत, तशातला हा उपाय झाला. पुढे २०२२ मध्ये न्याय खात्याशी समझोता करून आपले खुले साहित्य सर्वांना वापरता येईल असे करण्याची हमी विद्यापीठाला द्यावी लागली. जे आरंभीच करावयाचे, ते पाच वर्षांनी कबूल केले, इतकेच.

बर्कलीपाशी निदान काढून घेण्यासारखे काही होते. आमच्या विद्यापीठांपाशी ते कितीसे आहे? मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला मोफत देण्याचा संकल्प २००१ मध्ये सोडला. तेथील प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांनी १९९९ मध्ये फळ्यापुढे उभे राहून शिकविलेले रेषीय बीजगणित आज सांगलीतला विद्यार्थीही खिशातल्या फोनवर पाहू शकतो. आपल्याकडेही आयआयटी व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून ‘एनपीटीईएल’ या नावाने अभियांत्रिकी व विज्ञानाची व्याख्याने खुली केली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ही गंगा मुख्यतः इंग्रजीतून वाहते. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र किंवा इतिहास शिकणाऱ्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीच्या ओंजळीत तिचे किती थेंब पडतात?

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला खुल्या व्याख्यानाचे महत्त्व परक्यांनी समजावून सांगावे लागू नये. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तेथे येऊन बसणाऱ्याची पदवी कोणी विचारीत नाही. विद्यापीठातले व्याख्यान मात्र तासाची घंटा झाली की हवेत विरते, आणि ते ऐकण्याचा अधिकार शुल्क भरलेल्या साठ-सत्तर जणांपुरताच उरतो. अनुदानित अध्यापकांचे वेतन ज्या तिजोरीतून होते ती भरणारे लाखो लोक त्या वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच राहतात.

या मागणीने अध्यापक बिचकतील, हे आम्ही जाणतो. पिवळ्या पडलेल्या टिपणांवर वर्षानुवर्षे गुजराण करणाऱ्यांची पंचाईत होईल. ती झाली तर आम्हांस दुःख नाही. परंतु दुसरी भीती खरी आहे. तासाभराच्या विवेचनातले अर्धे वाक्य तोडून ते गावभर फिरवावे आणि एखाद्या विचारी शिक्षकाच्या मागे झुंड लावावी, असा हा काळ आहे. वर्गात प्रश्न विचारण्याचे, चुकण्याचे, विरुद्ध मत मांडून पाहण्याचे जे स्वातंत्र्य असते, ते यंत्राच्या डोळ्यासमोर कोमेजेल. म्हणून सरसकट सर्व तास ध्वनिमुद्रित करा, असे आम्ही म्हणत नाही. अध्यापकाच्या संमतीने व्याख्यान तेवढे घ्यावे, विद्यार्थ्यांची चर्चा वगळावी, आणि टोळधाड आलीच तर विद्यापीठाने आपल्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे. आमच्या स्वामित्वहक्क कायद्याने व्याख्यान देणाऱ्याला नट, गायक, जादूगार आणि चक्क गारुडी यांच्या शेजारी नेऊन बसविले आहे! प्राध्यापकमंडळींनी ही संगत हसण्यावारी नेऊ नये. आपल्या व्याख्यानाच्या मुद्रणावर त्यांचा जो हक्क आहे तो तिच्यामुळेच.

आमची खरी धास्ती निराळीच आहे, आणि ती सरकारविषयी आहे. महाविद्यालयांतील अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात शिक्षण उरकण्याची सवय ज्यांना जडली आहे, त्यांच्या हाती अशा फितींचे भांडार पडले की ते काय करतील हे सांगावयास ज्योतिषी नको. एका नामांकित प्राध्यापकाचे व्याख्यान भिंतीवर लावावयाचे आणि चार नेमणुका वाचवावयाच्या! चित्रफितीला शंका विचारता येत नाही; मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाचा चेहरा तिला दिसत नाही. जो वर्गाबाहेर आहे त्याच्यासाठी ती वरदान ठरेल. जो वर्गात बसला आहे त्याला समोर शिक्षक मिळालाच पाहिजे. खुल्या व्याख्यानांच्या योजनेत ‘याच्या आधारे कोणतेही पद रद्द अथवा रिक्त ठेवले जाणार नाही’ हे कलम अगोदर लिहून घ्यावे, मगच कॅमेरे खरेदी करावेत.

भाषांतराचे काम अशक्य आहे, ही सबब तर आता चालणार नाही. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पात संगणकविषयक लहान लहान पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या आवाजात तयार करून दाखविले. आणि बर्कलीची चूक आपण करावयाची नसेल, तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक चित्रफितीखाली मराठी अक्षरे व प्रत्येक ध्वनिफितीसोबत लिखित संहिता असली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचाही तोच रोख आहे. यंत्राने उतरवून घेतलेला मजकूर सुधारण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना योग्य मोबदला देऊन सोपविता येईल. त्यात त्यांचाही अभ्यास होईल.

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर येथील विद्यापीठांच्या अधिसभांत अंदाजपत्रकाच्या वेळी प्रवेशद्वारांच्या व सभागृहांच्या सुशोभनावर तासन्‌तास चर्चा होते. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येकाने निदान दहा अभ्यासक्रम मराठीतून, संपूर्ण, सर्वांना खुले करण्यासाठी तरतूद मागावी. पदवीधरांच्या मतांवर निवडून आलेल्या सदस्यांपैकी हा ठराव कोण मांडतो आणि त्याला विरोध कोण करतो, याकडे आमचे लक्ष राहील.