हशा कागदावर उतरवताना

कविसंमेलनात वात्रटिका हमखास टाळ्या घेते; प्रकाशकाकडे मात्र तिला ‘कवितासंग्रह खपत नाहीत’ एवढंच ऐकावं लागतं. मग कवी पदरमोड करून संग्रह काढतो. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’नंतर मराठीत विडंबनाला मानाचं पान मिळालं असलं, तरी प्रकाशक अजून हात आखडूनच आहेत.

वाट तशी सोपी झाली आहे. डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. आयएसबीएन भारतात विनाशुल्क मिळतो. १९५४च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवणं हे प्रकाशकाचं, म्हणजे इथे कवीचंच, कर्तव्य.

खरी कसोटी पुढे आहे. व्यासपीठावर शेवटच्या ओळीआधी कवी क्षणभर थांबतो, भुवई उडवतो. कागदावर ते काम ओळ तोडून करावं लागतं. एक मात्रा गळली की यमक लंगडतं आणि विनोद फसतो. कालच्या मंत्र्यावरचा टोमणा आज तळटीप मागतो. तेव्हा मुखपृष्ठाआधी मुद्रितशोधकावर खर्च करा, निम्म्या कविता निर्दयपणे गाळा, आणि मलपृष्ठावर स्वतःला ‘हास्यसम्राट’ म्हणवून घेऊ नका. ते वाचकाला ठरवू द्या.

या अंकात अशा स्वप्रकाशित संग्रहांची दखल घेतली आहे. आवडला तर विकत घ्या. कवीकडे ‘सप्रेम भेट’ मागू नका!

— संपादक