आधी चाचणी, मग देयक

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय संकेतस्थळे व ॲप दिव्यांगांना स्वतः वापरता येतील अशी करण्याबाबत

महोदय,

दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती, निराधार योजनेचा अर्ज ही कामे मोबाइलवर आली ती तहसीलचे हेलपाटे वाचावेत म्हणून. हेलपाटे सर्वांत जड जातात दिव्यांगांना. तेव्हा या सोयीवर पहिला हक्क त्यांचा. प्रत्यक्षात अंध अर्जदार अनेकदा लॉगिनच्या पानावरच अडतो. तिथे वेडीवाकडी अक्षरे असलेले कॅप्चाचे चित्र असते. यंत्राला वाचता येऊ नये अशीच त्याची घडण, त्यामुळे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही ते वाचता येत नाही. बॉटला अडवायला बसवलेला पहारेकरी अंध माणसालाच बाहेर ठेवतो.

तिथून कोणी पुढे सरकलाच, तर बटणांना नावे दिलेली नसतात आणि फोन नुसता ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. जन्मतारखेचे कॅलेंडर कीबोर्डने उघडत नाही, त्यामुळे ज्याच्या हाताला माउस पेलत नाही त्याचा अर्ज तिथेच थांबतो. शासन निर्णय स्कॅन करून टाकलेला असेल, तर स्क्रीन रीडर गप्प बसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकवतो. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर मराठी वाचतो. अडचण त्याच्यापुढे ठेवलेल्या मजकुरात आहे. कर्णबधिरांची गत वेगळी: मदतीसाठी दिलेला असतो तो फक्त फोन नंबर.

मग उरतो सायबर कॅफे. तिथे आधार क्रमांक, बँकेचा तपशील आणि मोबाइलवर आलेला ओटीपी परक्या माणसाच्या हाती द्यावा लागतो. ओटीपी कोणालाही सांगू नका, हे शासनच रोज बजावते.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, तोकड्या व्याख्येनुसार. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने दिव्यांगत्वाची यादी २१ प्रकारांपर्यंत नेली. याच कायद्याच्या कलम ४६ने शासकीय व खासगी सेवा सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षे दिली. नियम निघाले जून २०१७मध्ये, म्हणजे मुदत सरून बराच काळ लोटला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात याच नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातले निकष बंधनकारक नव्हते, शिफारशींसारखे होते. त्याच न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५चा निकाल त्याच्याही पुढे जातो. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितले जात होते. त्यांच्या आणि एका अंध व्यक्तीच्या याचिकांवर न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले.

संकेतस्थळाच्या कोपऱ्यात लहान-मोठे ‘अ’ ठेवून हे भागत नाही. अक्षरे मोठी करण्याचे काम फोन स्वतःच करतो. खरी मेख निविदेत आहे. तयार झालेले संकेतस्थळ नंतर दुरुस्त करायला वेगळा खर्च येतो आणि तो कोणी करत नाही. म्हणून मुख्य मागणी अशी, की प्रत्येक निविदेत आयएस १७८०२ या सुगमतेच्या भारतीय मानकाची अट असावी आणि अंध, कर्णबधिर व हातांची हालचाल मर्यादित असलेल्या वापरकर्त्यांनी मराठीतून चाचणी केल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक निघू नये. चाचणी करणाऱ्यांना मानधन मिळावे, अहवाल त्याच संकेतस्थळावर असावा.

चालू सेवांत सुरुवात पैशांशी जोडलेल्या सेवांपासून व्हावी: निवृत्तिवेतन, अनुदान, शिष्यवृत्ती. चित्राच्या कॅप्चाला ओटीपीचा पर्याय हवा. नुसता आवाजी कॅप्चा दिल्यास दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेले पुन्हा बाहेरच राहतील. नवे शासन निर्णय युनिकोड मजकुरातच निघावेत, मदतकेंद्राशी संदेशाने बोलता यावे आणि मुख्य योजनांची माहिती भारतीय सांकेतिक भाषेतील चित्रफितींतून मिळावी.

हे काम माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सहकार्याशिवाय होणारे नाही. तरी दोन्ही विभागांची संयुक्त बैठक घ्यावी, तीत दिव्यांग वापरकर्त्यांना बोलवावे आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम व कामाचे वेळापत्रक एका महिन्यात लेखी कळवावे, ही विनंती.

निवेदनकर्ते,
राज्यातील दिव्यांग नागरिक व त्यांचे सहकारी

प्रत : आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे