झाडांची यादी कोण करतं?

स्त्रियांच्या चळवळीच्या अंकात झाडांच्या यादीवर लेख कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी यांतून मान वर काढायला फुरसत नसताना, नव्या इमारतीच्या आवारात कडुलिंब लावला की बॉटल पाम याची चौकशी आपण का करायची? माझं म्हणणं असं की पाण्याच्या आणि रेशनच्या रांगेतच हा प्रश्न उभा आहे. शहरात सावली ही आता वाटून मिळणारी वस्तू झाली आहे. कोणाच्या वाट्याला ती किती यायची, हे एका साध्या दिसणाऱ्या यादीवर ठरतं, आणि ती यादी करताना आपल्याला कोणी विचारलेलं नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रातल्या नागरी भागांसाठी १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण नेमलं जातं. झाड तोडायला परवानगी देणं हे त्याचं काम आपल्याला माहीत असतं, कारण वर्तमानपत्रात बातमी येते ती त्याचीच. पण झाडांची ठरावीक काळाने गणना करणं, आणि कोणत्या भागात, कोणत्या प्रकारच्या जमिनीवर किती व कोणत्या जातीची झाडं असावीत याचे निकष ठरवणं, हीही त्याचीच कामं आहेत. 'किती' आणि 'कोणती' या दोन्ही गोष्टी कायद्यात आहेत.

व्यवहारात मात्र 'किती'चाच जोर. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आकडे नेमके दिलेले होते : मनोरंजनासाठी सोडलेल्या दर १०० चौरस मीटर जागेमागे पाच झाडं, आणि जिथे रेखांकन लागत नाही अशा भूखंडावर दर ८० चौरस मीटरला एक झाड. इमारत पुरी होत आली की भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी उद्यान विभागाचा दाखला लागतो. माणूस येतो, झाडं मोजतो, सही करतो. आता बिल्डरच्या जागी आपण उभं राहून पाहू. वडही एकच झाड आणि खोटा अशोकही एकच झाड. वडाला मोकळी जमीन लागते, त्याची मुळं भिंतीत शिरतात, त्याच्यासाठी गाड्या लावायची जागा सोडावी लागते. खोटा अशोक कुंपणाच्या कडेला दोन फुटांच्या पट्टीत रांगेनं उभा राहतो. मोजणीत दोघांचं मोल सारखंच असेल तर लावला कोणता जाईल? हल्लीच्या संकुलांच्या कुंपणाशी पाहा, हिरव्या खांबांसारखी ही झाडं उभी दिसतात. सीता ज्याच्याखाली बसली तो अशोक वेगळा. या अशोकाखाली तिला पदराएवढीही सावली मिळाली नसती.

मोजणीच्या या पद्धतीत आणखी एक गोम आहे. झाडाला माती लागते. वाहनतळाच्या छतावर, पोडियमवर, दोन-तीन फूट माती टाकून केलेल्या बागेत मोठा वृक्ष वाढत नाही. मनोरंजनासाठी सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, ती पोडियमवर दाखवून भागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात २०१३ साली सांगितलं. तेव्हा कोणतं झाड हा प्रश्न शेवटी जमीन कोणासाठी मोकळी ठेवायची या प्रश्नाशी जाऊन भिडतो.

आमच्या भागात एक वस्ती उठवून पुनर्वसनाची इमारत झाली. वस्तीत नळाजवळ उंबर होता, पुढे दोन कडुलिंब होते, आणि घरांच्या फटींतून शेवगे आणि कढीपत्ता. उंबराखाली दुपारी बायका निवडणं-टिपणं करायच्या, बिड्या वळायच्या, घरकामाच्या दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास पाठ टेकायच्या. बाळंतीण बाई घरातल्या पत्र्याच्या उकाड्यातून लेकरू घेऊन तिथेच येऊन बसायची. आमच्या गटाच्या बैठकाही तिथेच व्हायच्या. नव्या इमारतीच्या कागदांत झाडांची संख्या जुन्या वस्तीपेक्षा जास्त आहे. पण बहुतेक झाडं विक्रीच्या इमारतीच्या बाजूला, शोभेची, आणि मध्ये भिंत. एक बाई मला म्हणाली, "ताई, झाडं मोजून नेली. झाडाखाली कोण बसायचं ते काय कुणी लिवलं न्हाई."

हा रकाना कोणत्याच गणनेत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद केली. दुरुस्ती चांगली आहे. पण ६० वर्षांचा उंबर गेला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ६० रोपं लागली, तर हिशेब मिटतो तो कागदावर. त्या बाईची दुपार उन्हातच राहते.

यादीतून फळझाडं का वगळतात, हे विचारलं की एकच उत्तर मिळतं : कचरा होतो. जांभळं पडतात, फरशीवर डाग पडतात, पोरं दगड मारतात, बाहेरची माणसं आत येतात. हे शहाणपण काही आपल्याच शहरांचं नाही. अमेरिकेच्या शेती खात्यानं १९४९ च्या आपल्या वार्षिक ग्रंथात काही जातींबद्दल असा सल्ला दिला होता की रस्त्याच्या कडेला फक्त नर झाडं लावावीत, म्हणजे बियांचा त्रास होणार नाही. बी धरणारी मादी नकोशी, कारण ती पसारा करते! आपल्याकडच्या बहुतेक झाडांत नर-मादी असा भेद नसतो. पण फळणं म्हणजे घाण, ही समजूत आपल्या यादीत तशीच आलेली आहे. जांभूळ, चिंच, भोकर, कवठ, बोर, आवळा या झाडांवर वर्षातले काही दिवस गरिबाच्या घरात फुकट चव येते. पोरांच्या हाताला लागतं, म्हातारी वाटे लावून चार पैसे करते. 'बाहेरची माणसं आत येतात' यातली बाहेरची माणसं कोण, हे वेगळं सांगायला नकोच.

मात्र कचऱ्याचा मुद्दा नुसता हसून सोडून देण्यासारखा नाही. पडलेलं पान आणि फळ उचलतं कोण? झाडूवाल्या बायकाच. सफाई कामगार बायकांशी मी या विषयावर बोलले. जांभळाच्या दिवसांत झाडून झाडून कंबर मोडते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग झाडच नको का, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. सकाळची पाळी संपल्यावर त्या बसतात कुठे? त्याच झाडाखाली. त्यांचं मागणं असं होतं : चौघींचं काम दोघींवर टाकू नका, ढकलगाडी द्या, हातमोजे द्या, पालापाचोळा जिरवायला जवळच खड्डा करा म्हणजे डोक्यावरून लांब न्यावा लागणार नाही. म्हणजे अडचण झाडाची नाही, ठेकेदारीची आहे. झाडू मारणाऱ्या बाईचा कैवार घेऊन फळझाड नाकारणारे साहेब तिच्या पगाराबद्दल कधी बोलताना ऐकलेत?

अलीकडे यादीच्या चर्चेत देशी आणि विदेशी हा वाद जोरात आहे. त्यात तथ्य आहे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या नावानं सुबाभूळ आणि निलगिरी सगळीकडे गेली. पुण्याच्या टेकड्यांवर गिरीपुष्प लावलं गेलं, आणि त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही असं टेकडीवर फिरणारे सांगतात. मूळच्या झाडांवर इथले पक्षी, फुलपाखरं, किडे जगतात. शोभेच्या परक्या झाडांवर ती सोय कमी असते. मध्यंतरी कोनोकार्पस हे झाड रस्त्यांच्या दुभाजकांत आणि संकुलांच्या कुंपणांना फार लावलं गेलं. ते झटपट वाढतं, सदा हिरवं राहतं, जनावर खात नाही. श्वसनाच्या तक्रारी आणि मुळांमुळे जमिनीखालच्या वाहिन्यांचं होणारं नुकसान ही कारणं देऊन गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

तरीही झाडांच्या बाबतीत भूमिपुत्र आणि उपरे ही भाषा मला जपून वापरावीशी वाटते. चिंच मूळची आफ्रिकेतली. पेरू, सीताफळ, पपई अमेरिकेतून आलेली. ती आपली झाली कारण बायकांच्या चुलीपर्यंत पोचली. उलट सातवीण इथलीच. पण एकाच रस्त्यावर ओळीनं लावली की फुलण्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासानं दम्याच्या रोग्यांना त्रास होतो अशी तक्रार अनेक शहरांत येते. तेव्हा झाडाचं मूळ गाव विचारावं, पण तेवढ्यावर थांबू नये. ते इथे कोणाच्या उपयोगी पडणार, आणि ते सांभाळणार कोण, हेही विचारावं.

हा प्रश्न स्त्रियांनी पहिल्यांदा विचारलेला नाही. चिपको म्हटलं की आपल्याला १९७४ साली रेणी गावात गौरादेवींबरोबर उभ्या राहिलेल्या बायका आठवतात, झाड वाचवणाऱ्या. पण त्याच आंदोलनात १९८० साली डुंगरी-पैतोली गावात बायकांनी गावातल्या पुरुषांच्या विरोधात जाऊन ओकचं जंगल तोडू दिलं नाही. पुरुषांना त्या बदल्यात देऊ केलेल्या सोयी दिसत होत्या. बायकांना चारा, सरपण आणि पाणी दिसत होतं. १९८३ साली कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली निलगिरीची रोपं उपटून चिंचेचं आणि आंब्याचं बी लावलं. 'झाडं हवीत' असं सगळेच म्हणतात. 'कोणती' म्हटलं की हितसंबंध उघडे पडतात. खेड्यात जे सरपण आणि चारा होतं, ते शहरात सावली, शेवग्याची शेंग आणि बसायची जागा होतं. प्रश्न तोच आहे.

आणखी एका गोष्टीवर आपल्याखेरीज कोणी बोलणार नाही. संध्याकाळी कामावरून परतताना दाट कुंपणाच्या कडेनं, दिव्याच्या उजेडाला अडवणाऱ्या झुडपांजवळून चालायला बाईला भीती वाटते. सुशोभीकरणाच्या नावाखाली बसथांब्यामागे माणूसभर उंचीची झुडपं लावणाऱ्यांनी रात्री नऊ वाजता तिथे एकट्यानं उभं राहून पाहावं. उंच खोडाचं, वर छत्री धरणारं झाड सावलीही देतं आणि नजरही मोकळी ठेवतं. बागेच्या आराखड्यात ही गोष्ट बाईच आणू शकते.

मग करायचं काय? झाडाची किंमत संख्येनं न ठरवता त्याच्या सावलीच्या घेरानं ठरवा, म्हणजे दहा खोट्या अशोकांनी एका करंजाची जागा घेता येणार नाही. पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या इमारतींना झाडं आणि जमीन समान नियमानं द्या. यादीत उपयोगी झाडांचा ठरावीक वाटा सक्तीचा करा : शेवगा, कढीपत्ता, आवळा, जांभूळ. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, तेव्हा तो वाटेवर नको, आतल्या अंगाला लावावा, हे कोणतीही वस्तीतली बाई सांगेल. बाजार, बसथांबा, मजूर अड्डा, दवाखाना आणि शाळेचं फाटक, म्हणजे जिथे बाईला उभं राहावंच लागतं, तिथे पसरणारी झाडं आधी लावा. आणि यादी पक्की करण्यापूर्वी ती मराठीत, वस्तीत वाचून दाखवा.

यासाठी प्राधिकरणात शिरायला हवं. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणात आयुक्त आणि नगरसेवक असतात, तसे सामाजिक संस्थांचे प्रतिनिधीही घेता येतात. मुंबईच्या प्राधिकरणात तज्ज्ञच नाहीत म्हणून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाला त्याच्या कामात हस्तक्षेप करावा लागला होता. वनस्पतिशास्त्र जाणणारा माणूस तिथे हवाच. पण झाडाखाली जगणारी बाई हीही त्या विषयातली जाणकार आहे, हे आपण ठासून सांगितलं पाहिजे. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मधली काही वर्षं, २०२२ पासून, मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत निवडून आलेलं कोणीच नव्हतं, सगळं प्रशासकाच्या सहीनं चाललं. निवडून आलेल्या बाईला आपण गटारासाठी, नळासाठी भेटतो, तसं आता झाडाच्या यादीसाठीही भेटू या.

पहिलं पाऊल सोपं आहे. माहितीच्या अधिकारात एक अर्ज लिहा : आमच्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींत कोणत्या जातीची किती झाडं लावली, त्यांतली आज किती जिवंत आहेत, आणि जातींची यादी कोणी व कधी मंजूर केली? उत्तर आलं की चार-पाच जणींनी कागद हातात घेऊन प्रत्यक्ष फिरून या. झाडापुढे त्याचं नाव लिहा, आणि त्याच्यापुढे आणखी एक रकाना आखा : याच्याखाली कोण बसतं? तुमच्या गावची यादी आणि हा रकाना आम्हाला कळवा. पाच-सहा शहरांची माहिती हाती आली, की आपलं निवेदन घेऊन प्राधिकरणाच्या बैठकीला जाऊ.