मोटारीचा धनी कोण?

बांद्याहून आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लज असा गेलेला रस्ता संकेश्वरला पुणे-बंगळूर महामार्गास मिळतो. याच वाटेने संकेश्वरी मिरची कोकणात आणि गोव्यात उतरते आणि याच वाटेने सोयरिकीही जुळतात. राज्यांच्या सीमा नात्यांना कधी आडव्या आल्या नाहीत. कायद्याचे तसे नाही, आणि लग्नात दिल्या जाणाऱ्या मोटारीच्या निमित्ताने त्याचा प्रत्यय येतो.

मुलीचा बाप भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढतो, मोटार विकत घेतो, आणि आर. सी. बुकावर नाव लागते ते जावयाचे. ‘पैसा आमचा आहे, कागदावर नाव कोणाचे का असेना’, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती तितकीच भाबडी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तो. वाहन कर्जाला तारण असेल तर ज्याच्या ताब्यात ते करारान्वये आहे तो. पैसे कोणी मोजले, हा प्रश्न त्या कायद्याला पडतच नाही. अपघाताची भरपाईही या नोंदीच्याच मागे लागते. एका मोटारीची नोंद मूळ मालकाच्या नावे तशीच राहून ती अनेक हातांतून फिरली आणि २००९ मध्ये तिला अपघात झाला. त्या प्रकरणी ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले. गाडी केव्हाच विकली होती, हे त्याचे सांगणे उपयोगी पडले नाही.

कोणी म्हणेल, ही जबाबदारी झाली. खऱ्या मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात नेता येईल. नेता येईल, पण वाटेत बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा उभा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो अधिक कडक झाला असून जंगम मालमत्ताही त्याच्या कक्षेत येते. ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या वा अपत्याच्या नावे केलेली खरेदी त्यातून वगळली आहे. जावई, भाचा आणि मित्र यांना ही सवलत नाही. कर थोडा वाचेल म्हणून गोव्यातील भाच्याच्या नावे गाडी घेऊन ती संकेश्वरात फिरविणाऱ्या मामाने हे लक्षात ठेवावे. उद्या भाचा उलटला, तर ‘पैसे मी दिले’ एवढ्या बळावर गाडी परत मागण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. शिवाय बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंद करावी लागते, ते निराळेच.

मात्र या साऱ्या व्यवहारात जिच्या नावाने पैसा खर्च होतो, तिचे नाव कोठेच नसते. लग्नात मुलीला दिलेली वस्तू हे तिचे स्त्रीधन. पती त्याचा केवळ सांभाळकर्ता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: तिच्या हयातीत तिच्या संमतीवाचून बापालाही ते परत मागता येत नाही. आणि मोटार मागणी करून घेतलेली असेल, तर तो सरळ हुंडा आहे. १९६१ चा कायदा ती तीन महिन्यांत वधूच्या स्वाधीन करावयास सांगतो. पण गाडी मुलीलाच दिली होती हे सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा आर. सी. बुकावर जावयाचे नाव असते, आणि बापाजवळ असते ती लग्नातील छायाचित्रांची चोपडी.

गोमंतकीय मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते. घाटमाथ्यावरील हिंदू कायद्यात अशी सामाईकी नाही. गोव्यातील सवयीने ‘अर्धे तिचेच आहे’ असे गृहीत धरून कर्नाटकात दिलेल्या मुलीच्या मोटारीचे कागद दुर्लक्षित ठेवणे धोक्याचे होय.

गाडी मुलीसाठी असेल तर ती तिच्याच नावे घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी वाहन चालविण्याचा परवाना तिच्याकडे असण्याची गरज नाही. रक्कम धनादेशाने द्यावी आणि भेटवस्तूंच्या यादीत मोटारीची नोंद करून त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. अशा यादीचे नियम १९८५ पासून आहेत, पाळणारे विरळा. जावयाचा मान जाईल ही भीती व्याहीमंडळी बोलून दाखवतीलच. परंतु मालकीबरोबर अपघाताची जबाबदारीही मुलीवर येते, तेव्हा विम्याचा हप्ता कोण भरणार, हे त्याच बैठकीत ठरलेले बरे.