शेजारचा ओरडा

क्रिकेटच्या सामन्यात सर्वांत आधी काय ऐकू यावे? चेंडू बॅटीवर बसल्याचा आवाज, असे कोणीही सांगेल. आमच्या घरी सर्वांत आधी ऐकू येतो तो शेजारचा ओरडा. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटीवर घाशीत माघारी चाललेला असतो आणि भिंतीपलीकडून "गेला, गेला!" असा गलका होतो. मग आम्ही उभयता सोफ्यावर बसून, कोण गेला आणि कसा गेला, एवढ्याच तपशिलाची वाट पाहत राहतो. खुनाची कादंबरी कोणीतरी शेवटचे पान आधी वाचून दाखवून हातात द्यावी, तसे आमचे क्रिकेट झाले आहे.

याचे कारण चिरंजीवांनी मला समजावून सांगितले. त्यांनीच गच्चीवरची डिश काढायला लावून घरात इंटरनेटची तार आणली. शेजाऱ्यांकडे अजून डिशच आहे. आता ती डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसते तो ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तेथवर जाऊन परत खाली यावयाला चित्राला पाव सेकंद लागतो. चित्राची घडी घालण्यात आणि उलगडण्यात आणखी काही सेकंद जातात, एवढेच. आमच्या तारेतून येणाऱ्या चित्राचे मात्र आधी काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते तुकडे कोठकोठल्या यंत्रांतून फिरतात, आणि मध्येच चित्र अडू नये म्हणून आमचा टीव्ही दोन-चार तुकडे आधी कोठीत साठवून मगच पहिला दाखवू लागतो. वरणभाताला उशीर होईल पण ताट मध्येच रिकामे राहणार नाही, अशी ही व्यवस्था. या सगळ्यात अर्धे मिनिट सहज जाते. म्हणजे जे चित्र आकाशात ७२ हजार किलोमीटरची रपेट करून येते ते आधी पोचते, आणि जे जमिनीवरून येते ते मागाहून!

वेळ लागतो याबद्दल माझी तक्रार नाही. मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो, तो चिरंजीवांच्या मोबाईलवर बेंगळुरूला जातो, चिरंजीव मीटिंगमध्ये असतात, आणि तोवर इकडे दोन विकेटी पडलेल्या असतात, याबद्दलही फारशी तक्रार नाही. आमच्या लहानपणी रेडिओलाही परवाना लागे, त्याचे पैसे दरसाल पोस्टाच्या खिडकीशी रांग लावून भरावे लागत, आणि ऐन वेळी लघुलहरींवर समुद्र खवळल्यासारखा खळखळाट होई. यंत्रांनी माणसाला छळलेच नाही असा काळ मला तरी आठवत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मला २०२५ च्या दिवाळीत प्रथम नीट उमगली.

महिलांच्या विश्वचषकातला भारत-इंग्लंड सामना १९ ऑक्टोबर रोजी येथेच, इंदूरला, होळकर स्टेडियमवर होता. दिवाळीसाठी पुण्याहून आलेली आमची नात मैत्रिणींबरोबर मैदानावर गेली होती. घरी आम्ही दोघेच. सौभाग्यवती चकल्यांचा घाणा अर्ध्यावर टाकून पदराला हात पुशीत बाहेर येऊन बसल्या, कारण सांगलीची स्मृती मंधाना खेळत होती. इंग्लंडच्या २८८ धावा झाल्या होत्या, पाठलाग उत्तम चालला होता, आणि स्मृती शतकाच्या वाटेवर होती. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मैदानातल्या त्या गर्दीतून फोन लागला हेच नवल. नात रडवेल्या आवाजात एवढेच म्हणाली, "आजोबा, स्मृती गेली हो!" आणि फोन तुटला.

मी पडद्याकडे पाहिले. स्मृती ८८ धावांवर उभी होती. हातमोजे सारखे करीत होती.

"कोणाचा फोन?" सौभाग्यवतींनी विचारले.

"काही नाही, पोरीचा. उशीर होईल म्हणते."

खोटे बोललो. त्या दोन्ही हात जोडून पडद्याकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो. मैदान आमच्या घरापासून दोन-अडीच मैलांवर. तेथे जे होऊन गेले होते ते आमच्या बैठकीत अजून व्हावयाचे होते. त्या अर्ध्या मिनिटात एका सोफ्यावर बसलेली आम्ही दोन माणसे दोन निरनिराळ्या वेळांत राहत होतो. पुढे तो सामना भारताने अवघ्या चार धावांनी गमावला, त्याचे वाईट वाटलेच. पण त्या अर्ध्या मिनिटाचा एकटेपणा त्याहून जास्त लागला.

उशीर पूर्वीही होत असे. १९४५-४६ च्या हंगामात होळकर संघाने येथे यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा जणांची शतके! भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. वडील सांगत की ज्यांना मैदानावर जाता आले नाही ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहत, आणि तिकडून कोणी सायकलवर आला की त्याला अडवून धावसंख्या विचारीत. बातमी तासाभराने येई, पण ती साऱ्या गल्लीला एकदम येई. जो आनंद व्हावयाचा तो एकाच वेळी सर्वांना होई.

रेडिओ आल्यावर तर उशीरही गेला. २४ ऑगस्ट १९७१ ही तारीख ज्यांना आठवते त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगावयास नको. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. लंडनला ओव्हलवर वाडेकरांच्या संघाला विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या, आदल्या दिवशीच्या २ बाद ७६ वरून खेळ सुरू झाला होता, आणि खुद्द वाडेकर सकाळीच धावबाद झाले होते. (तिकडल्या आपल्या मंडळींनी त्या दिवशी बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, हे आम्हांला मागाहून वर्तमानपत्रांतून कळले. इकडे आमच्या देवघरातला गजानन मात्र संध्याकाळची आरती खोळंबल्यामुळे ताटकळत होता.) मी तेव्हा कॉलेजात होतो. आई ओरडली म्हणून कापूर आणायला निघालो, तो वाड्यातून गल्लीच्या टोकापर्यंत एकही चेंडू न चुकता गेलो आणि आलो, कारण प्रत्येक खिडकीत तोच आवाज, तेच वाक्य, तोच शब्द चालू होता. लंडनहून सुमारे सात हजार किलोमीटर दूर असलेल्या आमच्या गल्लीत तो आवाज डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पोचत होता. अबिद अलीने चौकार मारला तेव्हा सारी गल्ली एका घशाने ओरडली. शेजारचा ओरडा तेव्हाही होता. पण तो आमच्या ओरड्यात मिसळून जाई, त्यामुळे तो शेजारचा आहे हे कळतच नसे.

आता चित्र इतके स्वच्छ आहे की गोलंदाजाच्या कपाळावरचा घाम मोजावा. मात्र डिशवाल्यांचा षटकार निराळ्या वेळी, तारवाल्यांचा निराळ्या वेळी, आणि मोबाईलवर पाहणाऱ्यांचा आणखी निराळ्या वेळी. सामना जिंकला की आमच्या कॉलनीत फटाके तीन हप्त्यांनी वाजतात. इंदूरची माणसे विजयानंतर अजून राजवाड्यावर का लोटतात, मध्यरात्रीसुद्धा, हे मला आता कळू लागले आहे. तेथे तरी सगळे एकाच वेळेत उभे असतात.

यावर उपाय काय, असे विचाराल तर माझी मागणी फार लहान आहे. आगगाडी उशिरा असली तर स्टेशनवरच्या फलकावर तसे लिहितात, ध्वनिक्षेपकावरून सांगतात, वर खेदही व्यक्त करतात. मग सामना दाखवणाऱ्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात "हे चित्र ३२ सेकंद उशिराचे आहे" एवढे लिहायला काय हरकत आहे? जाहिरातींना तेथे जागा सापडते. "प्रत्यक्ष" हा शब्द तर ते लाल रंगात ठसठशीत लिहितात. खरे म्हणजे माझा राग त्या शब्दावर आहे. उशिरा आलेल्याने उशिरा आलो म्हणावे, इतका शिष्टाचार आमच्या घरच्या दूधवाल्यालाही आहे.

ही मागणी कोणी मान्य करील तेव्हा करो. आम्ही आमच्यापुरती तोड काढली. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईला अंतिम सामना झाला तेव्हा आमचा टीव्ही लावलाच नाही. सौभाग्यवतींनी उरलेला चिवडा डब्यात भरला आणि आम्ही सरळ शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झालेला, मध्यरात्र उलटत आलेली, दहा-बारा माणसे, त्यांत दोन पोरे जमिनीवर आडवी पडलेली. दक्षिण आफ्रिकेला २९९ धावा हव्या होत्या. दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि सारी खोली एकदम उठली. चिवडा सतरंजीवर सांडला, त्याचे कोणाला काही नव्हते. भिंतीपलीकडे आमचे घर अंधारात गप्प होते.

मी त्याच भरात पुण्याला नातीला फोन लावला. तिने तो पहिल्याच घंटीला उचलला आणि मी तोंड उघडण्यापूर्वी किंचाळली, "आजोबा, सांगू नका! आमच्याकडे अजून एक विकेट बाकी आहे!"

ती वसतिगृहात मोबाईलवर पाहत होती. मी फोन कानाशी धरून व्हरांड्यात गेलो आणि काही न बोलता उभा राहिलो. तिच्या मैत्रिणींचे कुजबुजणे ऐकू येत होते. पाठीमागे शेजाऱ्यांची पोरे नाचत होती, त्यांना मी हाताने गप्प राहण्याची खूण केली. थोडा वेळ गेला. मग पुण्याहून ओरडा आला.