विश्लेषण : लिनक्सची हार्डडिस्क दुसऱ्या संगणकात लावली, की ती सुरू का होत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि जुन्या संगणकांसाठी लिनक्सचा पर्याय पुन्हा चर्चेत आला. जुना लॅपटॉप बंद पडला, तर त्यातली डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावायची, हा त्यातला सोपा वाटणारा उपाय. पण अनेकदा पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ एवढेच येते. सगळे गेले असे समजून काही जण डिस्क फॉरमॅट करून मोकळे होतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

मुळात डिस्क अशी हलवता येते का?

येते. लिनक्सच्या कर्नलसोबत बहुसंख्य हार्डवेअरचे ड्रायव्हर येतात आणि प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्रात काय आहे हे ते नव्याने तपासतात. अडचण येते ती कर्नलपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर.

वाट नेमकी कुठे अडते?

जुन्या बायोस पद्धतीत सुरुवातीची सूचना डिस्कच्या पहिल्या भागात असे. डिस्क हलली, की सूचनाही सोबत जाई. यूईएफआय पद्धतीत ‘अमुक डिस्कवरची अमुक फाइल उघड’ ही नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत राहते. डिस्क नव्या घरी आली, पण तिचा पत्ता जुन्या घरीच राहिला, अशी ही स्थिती. अशा वेळी यूईएफआय डिस्कवर ‘बूटएक्स६४’ नावाची ठरावीक फाइल शोधते. ती नसेल, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘ईएफआयबूटमॅनेजर’ने नवी नोंद करावी लागते.

डिस्कवरचे लिनक्स बायोस पद्धतीने बसवलेले असेल, तर नव्या यंत्रात आणखी एक अडचण येते. इंटेलने २०१७ मध्येच बायोसचा आधार २०२० पर्यंत काढण्याचे सूतोवाच केले होते. अनेक नव्या यंत्रांत तो पर्यायच नाही. तिथे डिस्कवर ईएफआय विभाग तयार करून ग्रब पुन्हा बसवणे भाग पडते.

सुरू होऊन मध्येच थांबली तर?

कुठे थांबली यावरून कारण कळते. ‘रूट’ विभागच सापडत नसेल, तर सुरुवातीच्या प्रतिमेत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, नव्या यंत्राच्या डिस्क नियंत्रकाचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. फेडोरामध्ये ही प्रतिमा सहसा त्या-त्या यंत्रापुरतीच बनते. म्हणूनच तिच्या यादीत ‘रेस्क्यू’ हा पर्याय असतो, तो आधी वापरून पाहावा. डेबियन आणि उबुंटूच्या प्रतिमेत मूळ मांडणीनुसार बहुतेक ड्रायव्हर असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी येतो. यूईएफआयच्या मेनूत डिस्कची पद्धत ‘रेड’ऐवजी ‘एएचसीआय’ आहे का, हेही पाहावे. मात्र त्याच यंत्रात विंडोज असेल, तर हा बदल जपून करावा. विंडोज सुरू व्हायचे थांबू शकते.

दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये जुन्या यंत्रातल्या दुसऱ्या डिस्कची नोंद राहिली असावी. ती ओळ काढावी किंवा तिथे ‘नोफेल’ लिहावे. पडदा काळा राहिला, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. ग्रबमध्ये ‘नोमोडसेट’ जोडून पाहावे.

जून २०२६ चा संबंध काय?

सिक्युअर बूट सुरू असलेले यंत्र केवळ ओळखीची सही असलेलीच फाइल उघडते. बहुतेक लिनक्स आवृत्त्यांच्या ‘शिम’ या पहिल्या फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही असते. ज्या २०११ च्या प्रमाणपत्रावर ही सही आधारलेली आहे, त्याची मुदत जून २०२६ पर्यंतचीच. आधीपासून चालणारी यंत्रे त्या दिवशी बंद पडावीत असे नाही, कारण फर्मवेअर सुरू होताना सहसा मुदत तपासत नाही. पण नव्या शिमवर केवळ २०२३ च्या प्रमाणपत्राची सही असेल आणि जुन्या मदरबोर्डला ते ठाऊक नसेल, तर डिस्क ठणठणीत असूनही तिला प्रवेश नाकारला जाईल. उपाय दोन : फर्मवेअर अद्ययावत करणे किंवा सिक्युअर बूट तात्पुरते बंद करणे.

आधी काय तयारी हवी?

माहितीची प्रत आणि एक लाइव्ह पेनड्राइव्ह हवाच. डिस्क कूटबद्ध असेल आणि टीपीएम चिपच्या भरवशावर आपोआप उघडत असेल, तर पासवर्ड किंवा रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. ती चिप जुन्या मदरबोर्डसोबतच राहते. इतर सर्व बिघाड दुरुस्त होतात, पण ही किल्ली हरवली तर डिस्क हातात असूनही माहिती परत मिळत नाही.