एकाच जनुकाच्या भरवशावरचा गहू

गव्हाच्या पानावरून बोट फिरवावे आणि बोटाला विटकरी भुकटी लागावी, म्हणजे तांबेरा आला हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ती भुकटी म्हणजे पक्सिनिया या बुरशीचे बीजाणू. पानावरच्या एकेका पुटकुळीतून रोज हजारो बीजाणू सुटतात, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात आणि हवा अनुकूल असेल तर साधारण दोन आठवड्यांत त्यांची पुढची पिढी तयार होते. साथ म्हणतात ती हीच. फक्त इथे रोगी माणूस नसून गहू आहे.

हा रोग माणसाला होत नाही. तांबेरा आलेल्या शेतातल्या गव्हाची पोळी खाल्ल्याने विषबाधाही होत नाही. बाजरीवरच्या अरगटाची गोष्ट वेगळी. त्यात विष असते. तांबेऱ्यात दाणा सुरकुततो, बारीक राहतो आणि पोत्यांची संख्या घटते. तरीही या विषयाला आरोग्याच्या पानावर जागा हवी, आणि तिची कारणे दोन आहेत. पहिले उघड आहे : पोट भरणे हाच आरोग्याचा पाया. दुसरे कारण शेतातून थेट रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागापर्यंत जाते.

भारताला तांबेरा नवा नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा स्लीमन हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात नर्मदेच्या खोऱ्यात होता. तिथे तांबेऱ्याने उभा गहू कसा गेला, हे त्याने लिहून ठेवले आहे. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने पुन्हा हाहाकार केला. आपल्याकडच्या मैदानी उन्हाळ्यात ही बुरशी जगत नाही, मग दर हिवाळ्यात ती येते कुठून, हे कोडे आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी सोडवले. युरोप-अमेरिकेत बुरशीचा दुसरा आसरा असतो बार्बेरी, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या कुळातले झुडूप. भारतात त्या झुडपाचा या साथीत वाटा नाही, हे मेहतांनी दाखवून दिले. इथे बुरशी उन्हाळा काढते ती हिमालयाच्या आणि निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत आणि तिथून वाऱ्यापावसाबरोबर मैदानात उतरते. थंड, दमट महाबळेश्वरातल्या गहू गेरवा संशोधन केंद्राचे महत्त्वही हवामानातच आहे. तिथे गव्हाच्या नव्या ओळींना मुद्दाम तांबेऱ्याच्या तोंडी दिले जाते आणि टिकतील त्याच पुढे जातात.

ही निवड शक्य झाली ती केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांच्यामुळे. गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारक्षमता मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत जाते, हे त्यांनी १९०५ मध्ये दाखवले. तेव्हापासून पैदासकार प्रतिकारक जनुके शोधत आहेत. जुन्या वाणांत, रानगवतांत, अगदी राय या धान्यातसुद्धा. रायमधून आलेले एसआर-३१ हे जनुक काळ्या तांबेऱ्याविरुद्ध सुमारे तीस वर्षे जगभर टिकले. मग १९९८ मध्ये युगांडात या जनुकाला न जुमानणारी बुरशी सापडली. पुढच्या वर्षी तिचे यूजी-९९ असे बारसे झाले. ती येमेन, इराणपर्यंत पोचली. भारतीय गव्हाच्या ओळी आधीच केनियात नेऊन तिच्यासमोर तपासल्या गेल्या, ही दूरदृष्टी होती.

दूरदृष्टी नेहमीच दिसली असे मात्र नाही. हरितक्रांतीतला लाडका कल्याणसोना काही वर्षांतच तांबेऱ्याला बळी पडू लागला. नव्वदच्या दशकात आलेल्या पीबीडब्ल्यू-३४३ या वाणाने उत्तर भारताची लक्षावधी हेक्टर जमीन व्यापली. पिवळ्या तांबेऱ्याचा नवा प्रकार आला आणि त्याची ढाल मोडली. त्याची जागा एचडी-२९६७ ने घेतली, तोही अफाट पसरला आणि तोही पुढे पिवळ्या तांबेऱ्याला दाद देऊ लागला. पहिल्या वाणाकडून धडा मिळाला होता, पण दुसऱ्याच्या वेळी तो कुणी आठवला नाही.

यात बुरशीचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. कोट्यवधी बीजाणूंत एखादा अपघाताने बदललेला असतो. शेजारी दहा वेगवेगळे वाण असतील तर त्याला फारसे रान मिळत नाही. क्षितिजापर्यंत एकच वाण असेल तर त्या एका बीजाणूला सगळे रान मोकळे सापडते.

क्षयरोगाच्या डॉक्टरांना हा हिशेब पाठ आहे. १९४८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या प्रसिद्ध चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरुग्ण सुधारू लागले, पण काही महिन्यांतच अनेकांमधले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. एकट्या औषधावर भिस्त ठेवायची नाही, हा नियम तिथून रुजला. एका औषधाला चकवणारा जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो. आज क्षयाचे उपचार चार औषधांनी सुरू होतात आणि एखादे औषध मधेच सोडणे म्हणजे जंतूला शिकवणी देणे, हे प्रत्येक आरोग्यसेवक रुग्णाला सांगतो. गव्हातही तेच करायचे आहे : एका वाणात दोन-तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणायची. डीएनएवरच्या खुणा तपासून ही जनुके रोपातच ओळखता येतात, त्यामुळे हे काम आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

दुसरा मार्ग अधिक नम्र आहे. एलआर-३४, एसआर-२ यांसारखी जनुके बुरशीला दारातच अडवत नाहीत. तिची वाढ मंदावतात. पानावर थोड्या पुटकुळ्या दिसतात, पण दाणा भरतो. लस घेतलेल्याला कधी कधी ताप येतो, पण रुग्णालय गाठावे लागत नाही, तसेच हे. अशी संथ संरक्षणे कित्येक दशके टिकली आहेत, कारण ती चुकवून बुरशीला एकदम मोठा लाभ होत नाही. पान पूर्ण स्वच्छ असले तरच वाण चांगला, हा समज मात्र त्यांच्या आड येतो.

प्रतिकारक वाण हरला की उरते फवारणी. आणि इथेच रुग्णालयाचा दरवाजा उघडतो. गव्हावर वापरली जाणारी प्रॉपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही बुरशीनाशके आणि माणसाला दिली जाणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधे एकाच अ‍ॅझोल कुळातली. दोन्ही बुरशीच्या एकाच विकरावर घाव घालतात. माती आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणारी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस ही बुरशी शेतात या रसायनांना सरावते, श्वासावाटे दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णाच्या फुप्फुसात जाते आणि तिथे डॉक्टरांचे औषध चालत नाही. नेदरलँड्समध्ये हे प्रथम ठळकपणे दिसले. भारतातही अशी बुरशी सापडली आहे. दोष एकट्या गव्हाचा नाही. फुलशेती आणि तिच्या कचऱ्याकडे अधिक बोट दाखवले जाते. पण अ‍ॅझोलची जेवढी फवारणी टळेल तेवढे चांगले. जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकांची कुळे बरीच आहेत, बुरशीविरुद्ध मोजकीच. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत अ‍ॅम्फोटेरिसिनच्या एकेका कुपीसाठी महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी किती वणवण केली, हे आठवावे. त्याच्या पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची यादी काढली आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटसला तिच्या सर्वांत गंभीर गटात ठेवले.

शेतकऱ्याला उपदेश करणे सोपे आहे. ज्याच्या पिकावर जानेवारीच्या ढगाळ आठवड्यात तांबेरा चढला, त्याने फवारू नये असे म्हणता येणार नाही. त्याचे वर्षाचे उत्पन्न पणाला लागलेले असते. ओळखीचा वाण तो सोडत नाही, कारण त्याची पोळी मऊ होते, बाजारात भाव मिळतो आणि बियाणे घरचेच असते. म्हणून जबाबदारी आधी व्यवस्थेची आहे. एका वाणाला एका पट्ट्यात किती पसरू द्यायचे याचे धोरण हवे. निफाडच्या संशोधन केंद्रातून आणि पुण्याच्या आघारकर संस्थेतून येणारे प्रतिकारक वाण चांगल्या पोळीसह आणि वेळेत गावात पोचायला हवेत. नवा वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात; म्हणजे साथ आल्यावर निधी मंजूर करून उपयोग नाही. गेरवा केंद्रासारख्या ठिकाणची रिकामी पदे ही साथीच्या सर्वेक्षणातली भगदाडेच असतात.

बियाणे बदलणे, शेजाऱ्याहून वेगळा वाण पेरणे, वेळेवर पेरणी करणे आणि तांबेरा दिसल्याशिवाय न फवारणे एवढे मात्र शेतकऱ्याच्या हातात आहे. बाकीचे काम सरकारचे. लस, पाणी आणि सांडपाणी यांवरचा खर्च सार्वजनिक आरोग्याचा मानला जातो. गव्हातली प्रतिकारक जनुके शोधण्यावरचा खर्चही त्याच खात्यात धरायला हवा, कारण ही जनुके मोजकी आहेत आणि उधळली तर पुन्हा विकत मिळत नाहीत.